बारा बाटल्या समुद्र

भाटवाडी, शिरगावजवळ
४ ऑक्टोबर २०२३

रूपलबाई,

तू फोन केलास की मी नुसती "हो हो" म्हणते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. कानाचं यंत्र लावलं की पंखा ऐकू येतो, कुत्री ऐकू येतात, फक्त माणूस ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. तुझी आई सुलू म्हणाली, "जयू, हल्ली पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, ज्याला आपलं वाक्य पुरं करायचं असतं तो लिहितो. सुलूला राग आला. येऊ दे, धाकटी आहे.

आता कामाचं. आपली विहीर खारट झाली. एप्रिलमध्येच जिभेला लागत होतं, तेव्हा तुझे काका म्हणाले, पावसाळ्यात सुधारेल. पावसाळा सरला, दसरा तोंडावर आला, आणि अजून चहा फाटतोय. पानवेली कडेकडेने करपत चालल्या आहेत. पन्नास वेलींतल्या अकरा उरल्या. केळी जगतात पण घड धरत नाहीत. काकांचं म्हणणं, सगळ्यांनी बोअरिंगं मारून गोडं पाणी वरून ओढलं, मग समुद्र खालून आत आला. आपणही मारलं होतं, म्हणून मी गप्प बसले. आठवड्यातून दोनदा टँकर येतो, आणि त्या दिवशी गावातल्या बायका एकमेकींच्या वैरिणी होतात.

सुलू सांगत होती की तुमची संस्था समुद्राचं पाणी गोडं करायचं छोटं यंत्र किनाऱ्यावरच्या एकाच गावाला देणार आहे, आणि दोन गावं नजरेत आहेत, एक आपलं आणि एक केळव्याच्या पलीकडचं. रूपल, ते इथे आलं पाहिजे. मावशी म्हणून वशिला लावत नाही. तहानलेली बाई म्हणून लिहितेय.

जयवंतीमावशी


पुणे
१६ ऑक्टोबर २०२३

मावशी,

तुझं पत्र ऑफिसात आलं. टेबलावर शाईने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून दोघंतिघं बघायला जमले.

वशिला लावून उपयोगच नाही, कारण गाव आम्ही ठरवत नाही, पाणी ठरवतं. लोकांना वाटतं मीठ काढणं अवघड आहे. मिठाचं गणित आता जमलंय. दाब देऊन पाणी एका पडद्यातून ढकलायचं, पडद्याची भोकं इतकी बारीक की मीठसुद्धा अलीकडेच अडकतं. खरी डोकेदुखी मिठाबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टींची. गाळ, तेल, सांडपाणी, कारखान्यांकडून नाल्यांत येणारं काय काय, आणि ते खाऊन वाढणारे बारीक जीव. ते पडद्यावर बसले की पडदा मेला. म्हणून पडद्याच्या आधी किती आणि कसल्या गाळण्या लावायच्या, ते तिथलं पाणी सहा महिने तपासून ठरवायचं. जिथे साध्या गाळण्यांवर भागेल, त्या गावाला यंत्र.

दर पंधरा दिवसांनी पुण्याहून माणूस पाठवणं जमत नाहीये. मी सरांना सांगितलं, माझी मावशी आहे, तिच्याकडे बघून लोक घड्याळ लावतात. बारा रिकाम्या बाटल्या पाठवतेय. खाडीच्या तोंडाशी, ऐन ओहोटीला, गुडघाभर पाण्यात उभी राहा. बाटली तिथल्याच पाण्याने तीनदा विसळ आणि गच्च भर. गाळू नकोस, निवळू नकोस, जसं असेल तसं. भरल्या दिवशीच पालघरहून कुरियर कर.

सोबत काकांना नेत जा. तिथे चिखलात पाय रुततो.

रूपल


भाटवाडी
३ एप्रिल २०२४

रूपल,

बारावी बाटली आज गेली. प्रत्येकीवर तारीख घातली आहे आणि एकही पंधरवडा चुकवलेला नाही, अगदी तुझ्या काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचाही नाही.

कैलासने त्याच्या होडीतून मदत केली. तो मासेमारीवाला, शाळेत तुझ्या आईच्या वर्गात होता, आठवत असेल. बारा वेळा बारा प्रकारे कटकट केलीन. "जयवंतीबाय, पोरीला पानी पाठवताय का गंगाजल? आमाला इचारा दर्यात काय हाय तो!" त्याला दोन लाडू दिले की गप्प बसतो.

तू म्हणालीस गुडघाभर पाण्यात उभी राहा. अगं, मी अडुसष्ट वर्षांची आहे. पण काळजी करू नकोस, बाटल्या बघून तुमच्या साहेबांना आपल्या गावाचं नाव चांगलंच लक्षात राहील. दुसऱ्याच्या घरी पाणी कसं पाठवायचं ते मला कुणी शिकवायला नको.

पानवेली आता चार आहेत. केळव्याच्या बाजूच्या गावाचं पाणी कसं निघालं? सांगता येत नसेल तर सांगू नकोस, पण सांग.

मावशी


पुणे
२० जून २०२४

मावशी,

पेढे वाट! यंत्र भाटवाडीला.

तुमचं पाणी बघून सरांनी दोनदा तपासणी करायला लावली. त्या पट्ट्यात इतकं निर्मळ पाणी त्यांनी बघितलंच नव्हतं. गढूळपणा जवळजवळ नाही. एकदोन आकडे वेडेवाकडे आले, ते मी बाजूला ठेवलेत. दुसऱ्या गावाचं पाणी खूपच गाळाचं निघालं, तिथे गाळण्यांचाच मोठा प्रकल्प करावा लागला असता. तुमच्याकडे साध्या गाळण्यांवर भागेल.

अहवालावर माझं नाव पहिलं आहे. आईला सांगितलं तर ती रडली, आणि मग म्हणाली की जयूने केलं म्हणून झालं. तेही खरंच आहे.

दिवाळीनंतर बांधकाम सुरू होईल. काकांना म्हणावं, उरलेल्या चार वेली तेवढ्या जगवा.

रूपल


भाटवाडी
१९ जानेवारी २०२५

रूपल,

यंत्र सुरू होऊन तेरा दिवस झाले. शाळेमागे, सुरूच्या झाडांत शेड आहे. सकाळी सात ते नऊ नळ चालतात आणि बायका आता पाण्याला येताना भांडायच्या ऐवजी गप्पा मारतात. मी मोठ्या तोऱ्याने जाते. "रूपलच्या मावशी" म्हणून लोक मला पुढे घेतात, आणि मी पुढे होते, खोटं कशाला सांगू.

पहिला पेला मला दिला. गोडं आहे, पण मुकं आहे गं. ओठाला लागतं तेवढंच. यंत्र चालवायला तुम्ही ठेवलेली नवसी शेजारीच उभी होती. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची, तीस-बत्तीसची असेल. आधी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला होती. फार बोलत नाही. तिला विचारलं, तुला कसं लागतं? म्हणाली, "आमच्या पाड्यावर डोंगरातलं पानी हाय, त्याला चव हाय. ह्याला चव नाय. पन जुलाब बी नाय." मला ती आवडली. शेडमध्येच एका खोलीत राहते. पहाटे उठून गाळण्या उलट्या पाण्याने धुते, घड्याळ लावून. मी अंगणात सडा घालते तेव्हा तिच्या पंपाचा धक्का पायाला जाणवतो. कानांना नाही, पायाला.

कैलास मात्र तिथेही कटकट करतो. यंत्रातून मागे दर्यात सोडलेलं पाणी जिथे पडतं, तिथे बोयरं मासळी यायची बंद झाली म्हणे. "तुमी गोडं पिनार, आमचे मासे खारट पिनार." ह्याचं उत्तर तू दे.

मावशी


पुणे
५ फेब्रुवारी २०२५

मावशी,

कैलासमामा बरोबर बोलतात. शंभर हंडे समुद्र घेतला तर चाळीस हंडे गोडं पाणी मिळतं. उरलेल्या साठ हंड्यांत शंभर हंड्यांचं मीठ असतं, ते परत समुद्रातच जातं. आम्ही नळी लांब नेली आहे, म्हणजे लाटांत ते लवकर मिसळावं. पण मासे आमचा नकाशा वाचत नाहीत. याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही, असं मामांना माझ्या नावाने सांग. खोटा धीर देण्यापेक्षा ते बरं.

कधी कधी वाटतं, आपण समुद्रात सगळं टाकतो आणि मग त्याच्याकडे पाणी मागतो. तरी तुझ्या पेल्यात ते पोचलं, याचा आनंद आहेच. नवसीवर लक्ष असू दे, नवीन आहे.

रूपल


पुणे
१७ मार्च २०२५

मावशी,

घाईत लिहितेय. नवसीने गेल्या आठवड्यात कळवलं की यंत्र धापा टाकतंय, नळाला करंगळीएवढी धार उरली आहे. काल आमची माणसं येऊन पडदा उघडून गेली. त्यावर काळपट, बुळबुळीत थर होता. जो पडदा तीन वर्षं टिकायला हवा होता, तो दहा आठवड्यांत गेला.

नमुन्यांप्रमाणे तिथलं पाणी स्वच्छ आहे, म्हणजे दोष पाण्याचा नाही. मग उरतं एकच. गाळण्या रोज धुवायचं काम नवसीचं होतं. आमच्या संस्थेच्या समितीचं म्हणणं आहे की तिने ते केलं नाही. ती वही दाखवते, रोजची सही आहे. सर म्हणतात, सही कुणीही करतं.

तू रोज पहाटे उठतेस. मला खरं सांग, ती धूत होती का? तुझ्या शब्दावर सगळं ठरेल, कारण गावात मी दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

रूपल


भाटवाडी
२६ मार्च २०२५

रूपल,

पत्र मिळालं. तुझ्या काकांना चार दिवस ताप होता, म्हणून उशीर. यंत्रातलं मला काय कळतंय? पहाटे माझ्या मागे शंभर कामं असतात. नवसी स्वभावाने चांगली आहे. बाकी समितीत शिकलेली माणसं आहेत, त्यांना बघू दे.

यंत्र दुसऱ्या गावाला तर नेणार नाहीत ना? तेवढं आधी कळव. टँकर पुन्हा सुरू झालाय आणि नलूने काल माझी कळशी रांगेतून बाजूला ठेवली. नलू, जिचं बाळंतपण मी केलं!

मावशी


पुणे
३ एप्रिल २०२५

मावशी,

नेणार नाहीत, निश्चिंत राहा. नवा पडदा बसवणार आणि नवा चालक नेमणार. नवसीला कमी केलं. तशी सूचना नळाजवळच्या फळ्यावर लावायला ग्रामपंचायतीला कळवलं आहे.

तुझ्या पत्रात मी "हो, धूत होती" एवढे तीन शब्द शोधले. ते नव्हते. तुझ्यासारखी तोंडावर बोलणारी बाई ज्या प्रश्नाला बगल देते, त्याचं उत्तर "नाही" असणार, हे मी समजले आणि समितीला तसंच सांगितलं. एका गरीब बाईविरुद्ध स्पष्ट लिहिणं तुझ्या जिवावर आलं असणार. मी तुला दोष देत नाही.

रूपल


भाटवाडी
१२ एप्रिल २०२५

रूपल,

हे पत्र बसून वाच, आणि वाचून झाल्यावर तुमच्या समितीला दे. जपून ठेवायचं म्हणून पेटीत टाकू नकोस.

नवसी रोज गाळण्या धूत होती. एकही दिवस चुकली नाही. मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तिचा दोष नाही म्हटलं की मग कुणाचा, हा प्रश्न आला असता.

तुला ओहोटीचं, खाडीच्या तोंडाशी असलेलं पाणी हवं होतं. पहिल्याच दिवशी मी तिथे गेले होते. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. वर तेलाचा तवंग, आणि वास असा की पदर नाकाला लावला. मी बाटली भरली आणि घरी आणून ओट्यावर ठेवली. रूपल, ती बाटली मला पाठववेना. पुण्याला तुझे साहेब, तुझ्याबरोबरची मुलं, ते बघून काय म्हणतील? की रूपलचं आजोळ असं? आपल्याकडे कुणाच्या घरी पाणी द्यायचं तर गाळून, निवळून देतात. माझं लग्न गावातल्या गावातच झालं, तरी सासूने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, गढूळ पाणी पाहुण्यापुढे ठेवलं तर घराची अब्रू जाते. ती बाटली मी मोरीत ओतली.

मग कैलासला धरलं. उधाणाला समुद्र ढवळलेला असतो, म्हणून सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला, दर्या निवांत असताना, त्याच्या होडीतून पार बाहेरचं पाणी आणवलं. ते जुन्या लुगड्याच्या चौपदरी कापडातून गाळलं. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलं. सकाळी तुरटीचा खडा चार वेळा फिरवला, आणि वरचं निवळ पाणी तुझ्या बाटलीत भरलं. बारा वेळा. कैलास ओरडत होता ते ह्यासाठी.

पहिल्या दोन-तीन बाटल्या मी सवयीने केल्या, असं म्हणून मी सुटू शकते. पण नंतर मला कळत होतं. केळव्याच्या बाजूच्या गावापेक्षा आपलं पाणी चांगलं दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत राहिले.

नवसी गेल्या मंगळवारी गेली. मी शेडपाशी गेले तेव्हा ती भांडी गोणीत भरत होती. तिने मला विचारलं, "मावशी, तुमी रोज बघत व्हत्या ना? मी धूत व्हती का नाय?" मी कानाचं यंत्र घरी विसरल्यासारखं केलं. यंत्र कानातच होतं. तिनेही ते बघितलं. मग तिने गोणी डोक्यावर घेतली.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. आता हे कागदावर आहे, आणि खाली माझी सही आहे.

जयवंती कृष्णकांत चुरी


भाटवाडी
२ मे २०२५

रूपल,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. सुलूला विचारलं तर ती म्हणते, तू कामात आहेस.

माझं पत्र समितीला दिलंस का? दिलं नसशील तर कारण मला समजतं. त्यात तुझंही नाव खराब होतं, ते कळण्याइतकी मी शहाणी आहे. मला वाचवायला म्हणून थांबली असशील तर थांबू नकोस. मी थांबले होते आणि त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. आणखी आठ दिवसांत कळलं नाही, तर मी एसटीने पुण्याला येऊन तुमच्या साहेबांपुढे उभी राहीन, आणि मोठ्याने बोलेन, कारण हळू बोलणं मला आता जमत नाही.

मावशी


पुणे
१५ मे २०२५

मावशी,

तुझं पत्र सोळा दिवस माझ्या खणात होतं. तुला वाचवत नव्हते, स्वतःला वाचवत होते.

एकदोन आकडे वेडेवाकडे आले असं मी लिहिलं होतं, आठवतं? तुझ्या बाटल्यांत ॲल्युमिनियम जास्त निघालं होतं, आणि तांबंसुद्धा. प्रत्येक बाटलीत. समुद्राच्या पाण्यात ते असं येत नाही. तुरटीत ॲल्युमिनियम असतं आणि हंडा तांब्याचा असतो, हे मला, तुझ्या स्वयंपाकघरात वाढलेल्या मुलीला, पाच मिनिटांत कळायला हवं होतं. मी म्हटलं, तपासणीत चूक असेल. कारण बाकी आकडे इतके सुंदर होते, आणि गाव आपलं होतं. तू होडीचं लिहिलंस, तेही मी वाचून पुढे गेले. गुडघाभर पाण्यात होडी कशाला लागते? आणि अहवालात मी लिहिलं, "नमुने प्रशिक्षित व्यक्तीने घेतले." तुला प्रशिक्षण कुणी दिलं? मी, एका पत्रातून.

नवसीचा दोष आम्ही इतक्या पटकन मान्य केला, कारण दोष द्यायला ती सोयीची होती. तिच्यासाठी कुणी भांडणार नव्हतं.

दोन तारखेला मी दोन्ही गोष्टी समितीपुढे ठेवल्या, तुझं पत्र आणि माझे बाजूला ठेवलेले आकडे. तुझं दुसरं पत्र नंतर आलं, त्यामुळे धमकीने केलं असं म्हणू नकोस, तेवढं श्रेय मला राहू दे. मला या कामावरून काढलं आहे, नोकरी आहे, पण नाव कुठेच नसेल. यंत्र या महिन्यात उचलणार. वर्षभर खऱ्या पाण्याचे नमुने घेऊन पुन्हा आखणी होईल. ते पाणी पेलणारं यंत्र भाटवाडीला परवडेल की नाही, आज कुणीच सांगू शकत नाही. परत येईल असं मी तुला खोटं सांगणार नाही.

समितीने नवसीला परत कामावर बोलावलं आहे, वर्षभर नमुने घ्यायला. तिला पत्र गेलं. उत्तर आलेलं नाही. मी फोन केला, तिने उचलला आणि माझं नाव ऐकून ठेवून दिला.

मावशी, माझ्याने आता पुढे होत नाही. तू जाशील?

रूपल


भाटवाडी
८ जून २०२५

रूपल,

गेले.

तुझे काका सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं, ह्या कामाला एकटीच पुरे. पालघरहून मनोर, तिथून सहा आसनी रिक्षा, पुढे अर्धा तास चढ. नवसी शेतात, भाताच्या रोपासाठी राब भाजलेल्या जागेवर ढेकळं फोडत होती. तिने मला लांबून बघितलं आणि काम थांबवलं नाही. मी बांधावर बसले. बराच वेळ गेला. मग आली आणि समोर उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. हंडा, तुरटी, लुगडं, सगळं. यंत्र त्या दिवशी कानातच होतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "ते मला दिसलं व्हतं." मी म्हटलं, मी लिहून दिलंय, पुण्याला, सहीनिशी. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "पुन्याला मला कोन वळखतं? माझं नाव तुमच्या नळावर खराब झालं. तितं फळ्यावर कागद लावला, बाया वाचत व्हत्या, मी गोनी घेऊन त्यांच्यापुढून गेली. तितं लिवा. मंग मी येतं."

मी म्हटलं, तू समोर हवीस, नाहीतर म्हणशील मी गेल्यावर म्हातारीने पुसलं. ती म्हणाली, "पुसाल तुमी." मग थोडं हसली.

काल टँकरच्या वेळेला ती आली. यंत्र उचलून नेलंय, शेड रिकामी आहे, फळा मात्र अजून तिथेच. शाळेतून खडू आणला. तो कागद फाडला, आणि लिहिलं, की यंत्र नवसीच्या चुकीने बंद पडलं नाही, मी समुद्राचं पाणी गाळून आणि निवळून पाठवलं म्हणून पडलं, आणि खाली माझं पूर्ण नाव. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. मागे वीस-पंचवीस बायका होत्या. नलूने मोठ्याने वाचलं, तिच्या सासूला वाचता येत नाही म्हणून. माझ्या नावापाशी थांबली. "म्हंजे हा टँकर तुज्यामुळं, काकी?" मी हो म्हटलं. "आणि आमी हिला शिव्या दिल्या?" मी पुन्हा हो म्हटलं. मी रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले, माझ्यापर्यंत येता येता टँकर संपला, आणि कुणी मला हंडाभर पाणी देऊ केलं नाही. तशी अपेक्षाही नव्हती. रडू आलं, ते घरी येऊन.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. नलूचं वाचून झालं तेव्हा नवसी पुढे आली आणि फळ्यावरच्या अक्षरांखालून बोट फिरवत तिने स्वतः सगळं वाचलं, सावकाश. मग माझ्या हातातला खडू घेतला. म्हणाली, "नुसतं नवसी लिवलं तर कोनची नवसी ते कसं कळंल? आमच्यात घरटी एक नवसी हाय." आणि तिने आपल्या हाताने, माझ्या अक्षरांहून मोठ्या अक्षरांत, पुढे लिहिलं: नवसी जिवल्या वरठा.

मावशी